चुकीचं वाण

आमच्या गल्लीत पैशाबद्दल भरपूर बोलणं चालतं, फक्त दुसऱ्याच्या पैशाबद्दल. कुणाच्या थोरल्यानं बुलेट काढली, कुणाच्या माडीचं काम अर्ध्यावर थांबलं, ही बातमी नळाला पाणी यायच्या आधी घरोघरी पोचलेली असते. स्वतःचं मात्र ओठावर येत नाही. कमावलेलं सांगावं तर नजर लागते, घालवलेलं सांगावं तर अब्रू जाते. मग उरते महागाई. तिच्यावर सगळ्या मोकळेपणानं बोलतात, कारण ती कुणाच्याच घरची नाही.

आमचं गाव इचलकरंजी. रात्री माग बंद पडले की आम्हाला जाग येते, इतकी त्या खडखडाटाची सवय. आमचे हे मागावर कामाला, पगार आठवड्याचा. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. दोन मुलं, आणि सासूबाई. मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. एवढी ओळख अशासाठी दिली की पुढं जे आकडे येतील ते कुठल्या घरातले, हे ध्यानात राहावं.

2022 च्या दिवाळीनंतर समाजमंदिरात बायकांसाठी आर्थिक साक्षरतेचं शिबिर झालं. पडदा लावला, प्रोजेक्टर आणला, प्रत्येकीला एक पेन आणि बिस्किटाचा पुडा. साहेब तरुण होते, मन लावून सांगत होते. त्यांनी पडद्यावर एक गोल दाखवला आणि त्याचे तीन तुकडे केले. पगारातले 50 टक्के गरजांना, 30 टक्के इच्छांना, 20 टक्के बचतीला. मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, "साहेब, दुपारचा चहा कशात धरायचा? गरजेत का इच्छेत?" सगळ्या हसल्या, साहेबही हसले. विचारणारी हसली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

तासाभरात निम्म्याअधिक बायका पेंगायला लागल्या. मी शेवटपर्यंत जागी होते, सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि ती वही घरी आल्यावर कुठं ठेवली ते आजतागायत सापडलेलं नाही.

बाहेर पडताना पिग्मीच्या काकी भेटल्या. त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नाही, सगळ्यांच्या त्या पिग्मीच्या काकी. नवरा गेल्यावर त्यांनी एका बँकेची पिग्मी गोळा करायचं काम धरलं. रोज संध्याकाळी पाचला खांद्याला पिशवी आणि हातात ते छोटं मशीन घेऊन निघायचं. कुणाचे 20, कुणाचे 50, चहाच्या गाड्यावाल्याचे 100. बोटं चालतात, चिटोऱ्याएवढी पावती निघते, काकी पुढच्या दारी. पिग्मीचा जन्म मुळात उडुपीकडचा. मंदीनं मोडलेल्या हातमागवाल्यांना हात द्यायला 1925 साली तिथं एक बँक निघाली, पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली ती. 1928 पासून तिची माणसं दारोदार फिरून दिवसाला दोन आणे जमा करायला लागली. काकींना हे त्यांच्या बँकेत कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या ते मोठ्या अभिमानानं सांगायच्या. "म्हंजे बघ, पिग्मी निघाली तीच मागवाल्यांसाठी."

"कसं वाटलं शिबिर?" मी विचारलं.

"साहेब बोलले त्यात एक चूक काढता यायची नाही," काकी म्हणाल्या. थोडं चालून झाल्यावर पुढं म्हणाल्या, "पण त्यांचा स्वतःचा रुपया कधी बुडाला का, ते काही बोलले नाहीत. मग बायकांनी कशाला जागं राहायचं?"

हे बोलायचा काकींना अधिकार होता. गल्लीतल्या 26 घरांची नाडी त्यांना ठाऊक. कुठल्या घरची पिग्मी आठ दिवस थांबली, कुणी मुदतीआधी मोडली, कुणी नवऱ्याला न सांगता चालू ठेवली, सगळं. पण ह्या दारचं त्या दारी त्यांनी कधी नेलं नाही. म्हणूनच की काय, त्यांच्याजवळ बोलायला माणसं मोकळी व्हायची. मीही झाले होते.

माझी गोष्ट मशीनची. पिको-फॉलचं मशीन आणि कटिंगचं टेबल घ्यायला मी 50,000 रुपये कर्ज काढलं होतं, घरी येऊन देणाऱ्या एका फायनान्सचं. माणूस गोड बोलला. "ताई, बारा टक्केच. म्हणजे शेकडा एक. गावात सावकार पाच घेतो." दोन वर्षं, महिन्याला 2,583 रुपये. वर्षाचे 6,000 व्याज, दोन वर्षांचे 12,000, हिशेब सरळ होता. मी सही केली आणि स्वतःला हुशार समजत राहिले. दीड वर्षानं एकदा काकींना कार्ड दाखवलं. त्यांनी विचारलं, "आता तुझ्याकडं त्यांचं मुद्दल किती राहिलंय?"

"असेल बारा-तेरा हजार."

"आणि व्याज कितीवर चाललंय?"

मी गप्प. व्याज अजून 50,000 वरच चाललं होतं. काकींनी भाकरीचा दाखला दिला. "शेजारणीकडनं चोवीस भाकऱ्या उसन्या आणल्यास. रोज एक परत देतीयास. शेवटच्या दिवशी तुझ्याकडं तिची एकच भाकरी हाय, पण ती उपकार मात्र चोवीस भाकऱ्यांचा सांगतीय." फ्लॅट व्याज म्हणतात ते हेच. घटत्या शिल्लकेवर मांडलं तर माझे बारा टक्के साडेएकवीसच्या घरात जातात. सही करताना मी एवढंच विचारायला हवं होतं की फ्लॅट का घटतं. तीन शब्दांचा प्रश्न. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मशीन माझं, कर्ज माझं, हुशारी माझी, मग सांगायचं कुणाला?

डिसेंबरात संक्रांतीच्या तयारीला लागले. माळ्यावरनं सुगडं काढताना वरनं प्लॅस्टिकच्या वाट्या अंगावर आल्या. लाल, पिवळ्या, झाकणाच्या, बिनझाकणाच्या, गाळण्या, चमचे ठेवायचे डबे. मागच्या चार-पाच संक्रांतींचं वाण. एकही वापरलेली नाही, काहींना किमतीचं लेबल तसंच. तेवढ्यात काकी दारात आल्या. वाट्यांचा ढीग बघून त्यांनी माझी मापाची वही ओढली आणि मागच्या पानावर मांडलं. 26 घरं. प्रत्येक घर बाकीच्या 25 घरांना वाण देणार. वाटी 30 रुपयांना. घरटी 750. गल्लीचे मिळून 19,500.

"गल्लीनं गल्लीला साडेएकोणीस हजारांच्या वाट्या द्यायच्या," काकी म्हणाल्या, "आणि शेवटी प्रत्येकीच्या माळ्यावर पंचवीस वाट्या. खूश कोण? होलसेलवाला."

"मग द्यायचं काय? वाण तर लुटायला पाहिजे."

"मशीनची गोष्ट दे की."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्या गंभीर होत्या. वाण म्हणजे आपल्याकडचं दुसरीला द्यायचं. प्रत्येकीच्या घरात एक तरी चूक पडून आहे, पैसे मोजून घेतलेली, वाटीपेक्षा कितीतरी महाग. ती माळ्यावरनं काढायची. आणि नुसती सांगायला जड जात असेल तर उखाण्यात घालायची. उखाण्यात बाई नवऱ्याचं नावसुद्धा घेते, जे एरवी घेत नाही. मग चूक काय जड आहे? नियम त्यांनीच घातले. चूक स्वतःची पाहिजे. रुपयांचा आकडा सांगितला पाहिजे. आणि 'तुम्ही असं करा' असं एकीनंही म्हणायचं नाही, 'मी असं केलं' एवढंच.

सासूबाईंना पटेना. "वाण लुटायचं असतंय गं. चुका लुटतात व्हय? सणासुदीला तोंडातनं नुकसान काढायचं म्हंजे..." मी मापाची वही पुढं केली. सासूबाईंना वाचता येतं, हिशेब तर माझ्यापेक्षा चांगला येतो. त्यांनी 750 वर बोट ठेवलं, जरा वेळ ठेवलं, आणि म्हणाल्या, "तिळगूळ मात्र चांगला करायचा. त्यात काटकसर नको."

आता मला जे सांगायला जड जातंय ते. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मी घरोघरी गेले. काकींच्या दारावरून दोनदा गेले, थांबले नाही. ज्यांच्या डोक्यातनं हे निघालं त्यांनाच बोलवायचं नव्हतं. त्यांना कुंकू नव्हतं म्हणून. मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातलं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी आली तेव्हा अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली होती. त्यात माझ्याही तीन टाळ्या होत्या.

काकींनी माझी अडचण त्यांच्याकडनंच सोडवली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पावती देताना म्हणाल्या, "उद्या मी साडेआठच्या पुढं येते पिग्मीला. तोवर तुमचं आटोपेल." मी मान डोलावली. सुटले बाई, असं वाटलं, हेही लिहूनच टाकते.

2023 ची संक्रांत 15 जानेवारीला रविवारी होती. सहाला बायका जमल्या. सासूबाई नेहमीप्रमाणं आत, स्वयंपाकघरात. मामंजी गेल्यापासून हळदीकुंकवाला त्या तिळगुळाचं ताट भरून देतात, बाहेर येत नाहीत. स्वतःच्या घरात. हा नियम त्यांना कुणी लावलेला नाही, आणि त्या मोडतही नाहीत.

पहिली चूक माझी होती, पाहुणचार म्हणून. मशीनचा उखाणा म्हटला, तो मुळात इतका वाईट जुळला होता की इथं देत नाही. पण 12,000 चा आकडा आणि चोवीस भाकऱ्या सांगितल्यावर दोघी-तिघींनी एकमेकींकडं बघितलं. त्यांच्या घरी त्याच फायनान्सची कार्डं होती. एकीनं विचारलं, "घटतं म्हणजे कसं गं?" साहेबांच्या शिबिरात न आलेला प्रश्न.

मग कोपऱ्यावरची वहिनी उठली. पुढच्या उखाण्यांतली नावं मी गाळते. उखाण्याची गंमत नावात नसते, आणि मला ह्याच गल्लीत राहायचंय.

"दारात काढली रांगोळी, मधोमध ठेवला दिवा,
शेकडा पाचाच्या कर्जापेक्षा …राव म्हणतात, जुनाच टीव्ही हवा."

हशा झाला. आकडा विचारला तेव्हा हशा ओसरला. दिवाळीत 20,000 घेतले होते, व्याज द्यायला जमलं नाही, व्याजावर व्याज चढत गेलं. चौदा-पंधरा महिन्यांत 40,000 झाले. हे चौदा महिने तिला कसे काढायचे तेही आता माहीत होतं, काकींनीच शिकवलेलं. 72 ला महिन्याच्या शेकड्यानं भागायचं. शेकडा पाच असेल तर चौदा महिने, शेकडा तीन असेल तर चोवीस, व्याज थकत गेलं तर तेवढ्या महिन्यांत रक्कम दुप्पट. तिथं बसलेल्या आठवीतल्या पोरीनं लगेच शेकडा दोनाचा हिशेब करून दाखवला, छत्तीस. ज्यांनी शेकडा दोननं घेतले होते त्या जरा सैल झाल्या.

दुसरीचा उखाणा:

"पैसे यायला लागत नाही पिन, पिन लागतो जायला,
…राव शिकले हे, गेले होते जुनी सायकल विकायला."

सायकल 1,800 ला ठरली होती. घेणाऱ्यानं फोनवर कोड पाठवला, 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.' आले नाहीत, 9,000 गेले. सायकल अजून दारात आहे, त्या दिवसापासून तिला गल्लीतली पोरं 'नऊ हजारी' म्हणतात. पैसे गेल्या गेल्या 1930 नंबरला फोन करायचा असतो, हे त्यांना चार दिवसांनी कळलं. आम्हाला त्या संध्याकाळी कळलं.

तिसरीचा उखाणा मला सगळ्यात आवडला:

"घडवताना भरली घडणावळ, मोडताना धरलं नुसतं वजन,
…राव म्हणाले, झालं ते झालं, आता कर भजन."

दर तीन वर्षांनी बांगड्यांची फॅशन बदलायची तिला हौस. बांगड्या तेवढ्याच राहिल्या, सोनंही तेवढंच, तीनदा मोडून घडवताना घडणावळ, तूट आणि जीएसटी मिळून एका बांगडीची किंमत गेली. ती हे हसत हसत सांगत होती आणि हात मात्र पदराखाली घेतला होता.

साडेसात वाजून गेले. एरवी बायका तिळगूळ घेतात, वाटी पिशवीत टाकतात आणि पुढच्या घरी पळतात. त्या दिवशी कुणी उठेना. चहा दुसऱ्यांदा टाकावा लागला.

मग बाई बोलल्या. बाई म्हणजे हायस्कुलातनं निवृत्त झालेल्या. गल्लीला अर्ज लिहून देणाऱ्या, कुणाला कुठं पैसे ठेवायचे ते सांगणाऱ्या. शिबिरात पहिल्या रांगेत बसून माना डोलावत होत्या त्या ह्याच. म्हणाल्या, "मला उखाणा नाही सुचला. आकडा सांगते. 4 लाख." निवृत्तीच्या पैशातले 4 लाख त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले होते, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून. पतसंस्था बंद पडली. आतापर्यंत 40,000 परत आलेत. "बँक बुडाली तर ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, 2020 पासून. त्याआधी 1 लाख होतं. सहकारी बँकेलाही असतं. पतसंस्थेला ते नसतं. पाटीवर दोन्हीकडं ठेवी स्वीकारतो असंच लिहिलेलं असतं. बी.एड. झालेल्या बाईला हा फरक पैसे अडकल्यावर कळला." त्या थांबल्या. शेजारी बसलेल्या बाईकडं न बघता म्हणाल्या, "आणि हिनं माझ्या सांगण्यावरून 60,000 ठेवले होते. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही."

शेजारची म्हणाली, "मला वाटत होतं, बाई, तुमचे सुटले असतील."

सहा वर्षं त्या दोघी भिंतीला भिंत लावून राहत होत्या. एकीला वाटत होतं आपलेच बुडाले, दुसरीला वाटत होतं हिला कळलं तर काय म्हणेल. एकत्र अर्ज करायचा, तोही केला नव्हता.

ह्या शांततेत दारात पावलं वाजली. काकी. पावणेनऊ झाले होते, त्या ठरल्यापेक्षाही उशिरा आल्या होत्या. आत तीस चपला बघून त्या उंबऱ्याबाहेरच थबकल्या. "चालू द्या तुमचं. उद्या दोन दिवसांचं घेते," म्हणून वळल्या.

स्वयंपाकघरातनं आवाज आला. "ओ काकी! माझी पिग्मी चुकवायची न्हाई हं. आजवर एक दिवस चुकवलेला न्हाई मी." आणि सासूबाई पन्नासची नोट घेऊन बाहेर आल्या. भरल्या हळदीकुंकवात, नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्याही हे ध्यानात आलं असणार, कारण खोलीच्या मध्यावर आल्यावर त्या एक क्षण थांबल्या. मग काकींचा हात धरून त्यांना आत घेतलं, खुर्चीत बसवलं, म्हणाल्या, "बसा. सगळ्यांनी चूक सांगितली. तुमची राहिली."

काकी कुणाकडं बघत नव्हत्या. मशीनची पट्टी बोटाभोवती गुंडाळत होत्या. मला वाटलं नाही म्हणतील. मग त्यांनी उखाणा घेतला. विधवेनं उखाणा घेतलेला मी कधी ऐकला नव्हता, आमच्यातल्या कुणीच ऐकला नव्हता.

"पासबुकात होती एक ओळ, वाचली नव्हती मी कधी;
…रावांनी सांगायची होती ती, जायच्या आधी."

आकडा कुणी विचारला नाही. त्यांनीच सांगितला, नियम त्यांचा होता. 2018 च्या श्रावणात नवरा गेला. दवाखान्याचं देणं फेडायला 60,000 काढले, शेकडा तीननं. महिन्याला 1,800 व्याज. अकरा महिने भरलं, 19,800. मग पोराच्या शिष्यवृत्तीला पासबुकाची प्रत लागली म्हणून ट्रंकेतलं नवऱ्याचं जुनं पासबुक काढलं, नवं असं कुठलं होतं. बँकेत छापून घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "काकी, ह्याचा क्लेम केला का?" मे महिन्यातली ओळ, 330 रुपये वजा. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. नवऱ्यानं कधीतरी फॉर्म भरला होता, वारसदार म्हणून बायकोचं नाव लिहिलं होतं, दर मे महिन्यात पैसे आपोआप कापून जात होते. 2 लाखांचा विमा. उशीर झाला म्हणून खेपा जास्त पडल्या, पण पैसे मिळाले.

"अकरा महिने माझे दोन लाख तिथं पडून होते आणि मी साठ हजारांचं व्याज भरत होते," काकी म्हणाल्या. "त्यांनी सोय केली होती. सांगायचं राहिलं. आमच्यात पैशाचं बोलायची पद्धत नव्हती."

सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. पन्नासची नोट दिली. काकींनी मशीनवर आकडे दाबले, पावती निघाली, त्या उठल्या.

हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा बायका पासबुकं घेऊन माझ्या शिलाईच्या टेबलाशी जमल्या. काहींची दोन-दोन वर्षं छापलेली नव्हती. काकींनी बँकेत नेऊन छापून आणायला लावली आणि मग एकेक ओळ वाचायला बसवलं. आता हप्ता 436 चा आहे, अपघात विम्याचा 20 चा. तिघींच्या नवऱ्यांच्या खात्यातनं 436 कापले जात होते आणि तिघींनाही पत्ता नव्हता. एकीच्या खात्यातनं दरमहा काहीतरी कापलं जात होतं जे तिनं कधी मागितलंच नव्हतं. ते तिनं दुसऱ्या दिवशी बंद करायला लावलं. सासूबाईंच्या खात्याला वारसदार म्हणून मामंजींचं नाव निघालं. ते बदलायला एक फॉर्म आणि पंधरा मिनिटं लागली. बाई आणि त्यांच्या शेजारणीनं मिळून अर्ज केला. पैसे अजून आलेले नाहीत.

2024 च्या संक्रांतीला परत माझ्याकडं जमलो. ह्या खेपेला मी बोलावणं करायला निघाले ते पहिल्यांदा काकींच्या दारी थांबले. त्या म्हणाल्या, "पिग्मीला येतेच आहे की." मी म्हणाले, "पिग्मीला नको, सहाला या." त्या आल्या. सासूबाईही बाहेर बसल्या, तिळगुळाचं ताट मुलीकडं सोपवून. मी दोघींना सगळ्यांच्या आधी हळदकुंकू लावलं. दोन-तीन बायका त्या वर्षी आल्या नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

वाणाची सुरुवात पाहुणचार म्हणून माझ्यापासूनच. सगळ्यांना वाटलं पुन्हा मशीन. मी म्हणाले, मागच्या वर्षी ताट माझ्या हातात होतं, समोर दोघी उभ्या होत्या, आणि माझा हात पुढं गेला नाही. ही माझी चूक. उखाणा नाही.

कुणी काही बोललं नाही. मग मागनं तीच बाई, चहा गरजेत का इच्छेत विचारणारी, म्हणाली, "आकडा?"

नियम नियम असतो. मी म्हणाले, "दोन चिमूट."

काकींनी पिशवीतनं मशीन काढलं. "तुझे पन्नासच ना?"

"शंभर करा," मी म्हणाले. मशीनचं कर्ज फिटलं होतं.